शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर भाजीपाला: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

नागपूरजवळ बेशाकडे आमचं छोटंसं वावर आहे. शेजारच्या वसाहतीतल्या प्रक्रिया केंद्राचं पाणी आधी नाल्यात जायचं, आता ते आमच्या टाकीत येतं. मे महिन्यात बोअर आटला तरी वांगी उभी राहिली, म्हणजे मुख्य काम झालं. पण भाजी खाण्याजोगी राहते की नाही, हे पाणी कसं देता यावर ठरतं.

तसं नागपूरला हे नवीन नाही. शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातंच. पण तिथं ते यंत्रं थंड ठेवायला लागतं, आणि कूलिंग टॉवरची कोशिंबीर कोणी करत नाही!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत जंतू टप्प्याटप्प्याने कमी करायचा हिशेब आहे: काही प्रक्रियेत, काही ठिबकमुळे, काही तोडणीआधी पाणी बंद ठेवून, बाकीचे धुण्या-शिजवण्यात. उंच लागणाऱ्या फळभाजीला ठिबक असेल तर जंतू १०,००० पटीने घटले असं धरतात, जमिनीलगतच्या पिकाला फक्त १०० पटीने. म्हणून आमची वांगी, भेंडी आणि मांडवावरची दोडकी या पाण्यावर. पालक, मुळा, सांभार (म्हणजे कोथिंबीर) बोअरवर. सांभारानं काय घोडं मारलं, असं घरचेच विचारतात. अहो, तो तर्री-पोह्यावर कच्चाच पडतो ना!

जंताची अंडी मात्र क्लोरीनला दाद देत नाहीत. ती जड असतात, तळाशी बसतात. म्हणून टाकीतलं पाणी निवळू देतो आणि तळापासून हातभर वरूनच उपसतो.

खरी कटकट ठिबकची. नळीच्या शेवटचं बूच काढलं की आधी काळा, बुळबुळीत गाळ येतो, वास नाल्याचाच, मग हळूहळू पाणी नितळ होतं. हे दर आठवड्याला करावं लागतं. नुसती जाळीची गाळणी इथे पुरत नाही. वाळूची गाळणी आणि तिच्यापुढे चकतीची, दोन्ही हव्यात. गाळणीच्या दोन्ही बाजूंना प्रेशर मीटर लावा. दोन काट्यांमधला फरक वाढला की गाळणी धुवायची वेळ झाली. विकणारा हे मीटर 'ऐच्छिक' म्हणून सांगतो, त्याचं ऐकू नका.

खताचा फायदा खरा आहे, पण तो मोजून घ्यावा लागतो. लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र असेल तर १ लाख लिटर पाण्यातून २ किलो नत्र जातं, म्हणजे सव्वाचार किलोच्या आसपास युरिया. तो वरच्या खतातून वजा केला नाही तर वांगी नुसती पानावर येतात, फूल कमी, मावा-तुडतुडे जास्त. काळ्या जमिनीला क्षारांचीही भीती असते. पावसाळ्यात ते धुतले जातात, तरी पाण्याची विद्युत वाहकता आणि सोडियम प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पाण्यातले जंतू तपासायला बाजारात मिळणारी, जंतू असले की काळी पडणारी बाटली इथे कामाची नाही. ती जंतू आहेत की नाहीत एवढंच सांगते, इथे आकडा लागतो.

पाण्यात उतरताना गमबूट, तोडणीआधी दोन दिवस पाणी बंद, आणि या नळीवर 'पिण्याचे नाही' असं ठळक लिहिलेलं. कळमन्याच्या बाजारात पाण्याचं कोणी विचारत नाही. कॉलनीतल्या बायका विचारतात, त्यांना कोणती भाजी कोणत्या पाण्यावरची ते सांगूनच देतो. दोघी-तिघी वांगी ठेवून सांभारच नेतात.