पद्मिनीच्या हेडलाइटच्या रिंगा: दहा महिने आणि फोंड्याचा पावसाळा

बाबांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या फोंड्याच्या घरी आहे आणि दर रविवारी रस्त्यावर निघते, बहुतेक वेळा मिरामारपर्यंत. तिच्या चेहऱ्यावरचे दागिने म्हणजे पुढची जाळी आणि हेडलाइटभोवतीच्या दोन रिंगा. जाळी टिकली. रिंगा मात्र खालच्या कडेने उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. त्या मी दोनदा बदलल्या.

पहिली जोडी गेल्या वर्षी मे महिन्यात ऑनलाइन मागवली. लोखंडी पत्रा, वर क्रोम. खोक्यातून काढली तेव्हा तोंड दिसावं इतकी चकचकीत. चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, खालच्या अर्ध्या भागावर तांबडे ठिपके उमटले आणि मागच्या बाजूने गंजाची साल निघू लागली. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. लोखंडाची खरी राखण त्याखालचं निकेल करतं. या रिंगांच्या मागे, दुमडलेल्या कडेत, निकेल जेमतेमच चढलं होतं, आणि पावसाचं पाणी नेमकं तिथेच साचतं. त्यात समुद्राचा खारा वारा. वाईट वाटलं ते पैशांपेक्षा बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून.

दुसरी जोडी ऑक्टोबरमध्ये, दिवाळीतल्या नरकासुराच्या आदल्या आठवड्यात बसवली. ही स्टेनलेस स्टीलची, किंमत जवळजवळ तिप्पट. या वेळी आमच्या मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं, "पात्रांव, आदीं बसोवन पळयात, मागीर पयशे दियात." म्हणजे आधी बसवून पाहा, मग पैसे द्या. खरंच होतं ते. कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटची पद्मिनी बाहेर पडून दोन दशकं उलटली. आज मिळणारी रिंग कुठल्या तरी लहान वर्कशॉपात तयार झालेली असते आणि प्रत्येकाचं माप थोडं वेगळं. आमची डावी रिंग चपखल बसली. उजवीला खाली दोनेक मिलिमीटरची फट राहिली. वरचा हूक पकडीने अगदी जरासा आत वाकवला तेव्हा ती बसली. पत्र्यावर जोर देऊन स्क्रू आवळला असता तर मडगार्डचा रंगच उडाला असता.

बसवताना जुनं कडक झालेलं रबर फेकून नवं घातलं. हे टाळू नका. ते नसेल तर खडबडीत रस्त्यावर रिंग थरथरते आणि रंग घासून लोखंड उघडं पडतं. खालचा स्क्रू ग्रीस लावूनच घातला, नाहीतर पुढच्या वेळी तो निघत नाही. सिलिकॉन लावायचा मोह झाला होता, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि त्याने लोखंड गंजतं. शिवाय खालची बाजू बुजवली तर आत शिरलेलं पाणी जाणार कुठे? खाली मोकळी वाट हवीच.

अजून एक. रिंगेआड दिव्याची दिशा ठरवणारे दोन स्क्रू असतात, ते रिंगेचेच समजून फिरवू नका. मी गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी केली, उजेडाच्या खुणा आधीच टेपने केल्या आणि काम झाल्यावर पुन्हा जुळवून पाहिल्या. चोर्ला घाटात रात्री समोरच्याचे डोळे दिपले तर नुसती शोभा काय कामाची?

आता ऑगस्ट संपत आला. या पावसाळ्यात आतापर्यंत रिंगांवर ठिपका नाही, मागूनही नाही. दर रविवारी परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसतो, एवढंच. लोखंडी तारेची घासणी अजिबात लावत नाही; तिचे कण अडकून स्टेनलेसवरही गंजाचे डाग पडतात.

खटकतं ते रंगाचं. क्रोमला निळसर झाक असते, स्टेनलेस थोडं पिवळट-करडं दिसतं, त्यामुळे भर उन्हात जाळी आणि रिंगा शेजारी शेजारी वेगळ्या वाटतात. गाडी जशीच्या तशी जपणाऱ्याला हे सलेल. तशांनी जुन्या रिंगा टाकून न देता चांगल्या प्लेटिंगवाल्याकडून पुन्हा निकेल-क्रोम करून घ्याव्यात आणि मागची बाजूही नीट चढव, असं त्याला ठासून सांगावं. रोज गोव्याच्या पावसात गाडी काढणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावं.

उजव्या दिव्याला धरून ठेवणारी आतली लोखंडी पट्टी मात्र या पावसात गंजायला लागली आहे. चवथ झाली की तीही काढून साफ करायची आहे.