धनकवडीतलं पाटी नसलेलं सायकलचं दुकान – ओव्हरऑइलिंगचा माझा अनुभव (आणि त्याच सायकलवर पुणे-महाबळेश्वर)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आमच्या ग्रुपमधले चार-पाच जण तरी रोज विचारतायत की ओव्हरऑइलिंगला (म्हणजे ओव्हरहॉलिंग, सगळी खोलून, साफ करून, नवीन ग्रीस भरून घ्यायला) सायकल कुठे दिलीस, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

दुकान धनकवडीत आहे, शंकर महाराज मठाकडून वर चढणाऱ्या गल्लीत. पाटी नाही. बाहेर एक पंप, दोन जुने टायर टांगलेले आणि पत्र्याखाली एक काका बसलेले असतात, साठीच्या पुढचे. कोणालाही "सायकलवाले काका" विचारलं की दाखवतात. नाव मुद्दामच लिहीत नाही, त्यांना विचारलं तर म्हणाले "कशाला ताई, आहे तेवढं काम पुरतंय", मग त्यांच्या शब्दाचा मान ठेवायलाच हवा.

माझी सायकल साधी हायब्रिड आहे, पुढे तीन आणि मागे सात गिअर, २०१६ साली घेतलेली. त्यात दोन वर्षं तर ती बाल्कनीत धूळ खात पडून होती. डिसेंबरमध्ये आमच्या सोसायटीतले लोक आणि शाळेतल्या मैत्रिणी अशा मिळून चौदा जणांनी महाबळेश्वरला सायकलने जायचं ठरवलं, एका दिवसात, म्हणजे साधारण ११५-१२० किलोमीटर आणि वाटेत तीन घाट, कात्रज, खंबाटकी आणि शेवटी पसरणी. मी याआधी सिंहगड पायथा आणि खडकवासला याच्या पुढे कधी गेले नव्हते.

आधी एका मोठ्या चकचकीत दुकानात सायकल दाखवली होती. त्यांनी वरून पाणी मारलं, चेनवर भरपूर ऑइल ओतलं, सर्व्हिसिंगचे हजार रुपये घेतले आणि सांगितलं की मॅडम ही आता जुनी झाली, घाटासाठी नवीनच घ्या, अठ्ठावीस हजारांपासून सुरू आहेत. त्यानंतरच्या रविवारी खडकवासल्याच्या रस्त्यावर जरा जोर लावला की चेन दात सोडायला लागली, खट्ट खट्ट आवाज, एकदा तर पाय पायडलवरून सटकला आणि मागून पीएमपीची बस येत होती. फार घाबरले होते मी त्या दिवशी. घरी आल्यावर राईडला नाही म्हणून कळवायचं असं जवळपास ठरवलंच होतं, तेवढ्यात आमच्या दूधवाल्या दादांनी या काकांचं सुचवलं.

मी सायकल नेली तर काकांनी हातसुद्धा लावला नाही आधी. पहिला प्रश्न, "कुठं जायचंय?" म्हटलं महाबळेश्वर. मग दुसरा प्रश्न, "पाठीवर सामान की कॅरिअरवर?" मग माझं वजन विचारलं, ग्रुपमध्ये किती जण, अंधारात निघणार का, येताना पण सायकलनेच का. येताना टेम्पो होता ते सांगितलं. हे सगळं विचारून झाल्यावर सायकल उलटी केली. मला हे फार आवडलं, कारण आजवर कुठल्याही दुकानात सायकल कोणत्या रस्त्यावर चालणार आहे हे कोणी विचारलेलं नव्हतं, आणि नंतर लक्षात आलं की त्यांचं सगळं काम त्या उत्तरांवरच ठरत गेलं.

चेन कशी बघितली ते सांगते, कारण हे आपल्यालाही घरी करता येतं. शाळेतल्यासारखी एक स्टीलची पट्टी घेतली, चेन ताणून धरली, आणि पट्टीचा शून्य एका पिनच्या बरोबर मध्यावर ठेवला. सायकलच्या चेनची एक पिन दुसरीपासून अर्धा इंच असते, त्यामुळे चोवीस पिना पुढे मोजलं की बरोबर बारा इंचावर पिनचा मध्य यायला पाहिजे. माझी पिन बाराच्या पुढे एक अष्टमांश इंच गेली होती. काका म्हणाले इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असती तर नुसती चेन बदलून भागलं असतं, एवढी ताणलेली चेन फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे) दात पण खाते, आता नवी चेन जुन्या दातांवर बसणारच नाही, उड्या मारणार. म्हणजे खडकवासल्याला जे होत होतं त्याचं कारण हे होतं, आणि त्यावर कितीही ऑइल ओतलं तरी उपयोग नव्हता. बोट लावून दात दाखवले मला, मधल्या गिअरचे दात एका बाजूला झुकलेले होते, माशाच्या परासारखे.

मग फ्रीव्हील बदलायचंच आहे तर त्यांनी स्वतःहून सुचवलं की जुन्यात सगळ्यात मोठं चक्र अठ्ठावीस दातांचं आहे, त्याऐवजी चौतीसवालं टाकू, पसरणी घाटात बसल्या बसल्या चढाल. त्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब पायाचा आहे का ते तपासलं, कारण आखूड असेल तर एवढं मोठं चक्र त्याला झेपत नाही. चेनही त्या मापाने थोडी लांब ठेवली. या एका सल्ल्यासाठी मी त्यांचे कितीही आभार मानले तरी कमीच आहेत, पुढे कळेलच.

ओव्हरऑइलिंग म्हणजे खरं काय ते मी पहिल्यांदा पाहिलं, तासभर स्टुलावर बसून. पुढचं मागचं दोन्ही चाकं खोलली, कोन (एक्सलवरचे, छर्रे दाबून धरणारे नट) काढले, छर्रे म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या एका ताटलीत रॉकेलमध्ये. मागच्या चाकात एका बाजूला नऊ छर्रे असतात, पाव इंची, पुढच्यात दहा पण लहान. माझ्या मागच्या चाकात डाव्या बाजूला आठच निघाले आणि त्यातले दोन खडबडीत झालेले. काकांनी मला तळहातावर ठेवून दाखवले, उजेडात फिरवून, चांगला छर्रा आरशासारखा चमकतो आणि खराब झालेल्यावर राखाडी ठिपके दिसतात. मग एकूण एक छर्रे बदलले, जुने परत वापरलेच नाहीत. नवीन ग्रीस भरलं, कोन घट्ट करताना आधी अगदी आवळायचा आणि मग किंचित सोडायचा, चाक हातात धरून दोन बोटांनी एक्सल फिरवून बघायचा, कुठे अडकतंय का. हे चार-पाच वेळा केलं असेल त्यांनी. घाई नाही.

आऊट काढताना, म्हणजे चाकाचा वाकडेपणा घालवताना, तर बघत राहावं असं काम. चाक फिरवत ठेवायचं, ब्रेकच्या रबराशी कुठे घासतंय ते बघायचं, आणि त्या जागचा आरा अर्धा फेरा आवळायचा किंवा सोडायचा, त्याहून जास्त एका वेळी कधीच नाही. मधेच नखाने आरे वाजवून बघत होते, सतारीच्या तारांसारखे, सैल आरा खाली उतरलेला आवाज देतो. छत्तीस आरे, सगळे वाजवले.

ब्रेकचे रबर बदलले, दोन्ही वायरी नव्या घातल्या. पसरणीवरून येताना सायकल नाही म्हटल्यावर पुढच्या ब्रेकला महागडे रबर घालू नका म्हणाले, साधे पुरतील. म्हणजे जिथे गरज नाही तिथे खर्च त्यांनी स्वतःच वाचवला. आणि शेवटी एक गोष्ट केली ज्याचं मला तेव्हा महत्त्व कळलं नव्हतं, मागच्या चाकाच्या मापाचे दोन आरे कापून, आटे पाडून, मागच्या दांडीला काळ्या चिकटपट्टीने गुंडाळून दिले. म्हणाले वाटेत या मापाचा आरा मिळणार नाही, असू दे सोबत.

बिल असं झालं, मजुरी सहाशे, फ्रीव्हील साडेसहाशे, चेन साडेतीनशे, ब्रेक रबर एकशे साठ, वायरी एकशेवीस. एकूण १,८८० रुपये. छर्रे आणि ते दोन आरे याचे पैसे घेतलेच नाहीत. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले, हे बघा हे काढलं म्हणून.

आता राईडचं.

पहाटे साडेचारला निघालो, कात्रजचा जुना घाट अंधारात चढलो, जुन्या बोगद्यात चौदा सायकलींचे लाल दिवे एका रांगेत दिसत होते ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने प्रत्येकासाठी एक छोटं कार्ड बनवलं होतं, हातभर जमलेल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. एक पैसा खर्च नाही, पत्रिकेचा कागद जाड असल्यामुळे वाऱ्याने वाकत नाही, वरून चिकटपट्टी लावलेली म्हणजे घामाने शाई फुटत नाही, आणि भोक पाडून हँडलला सुतळीने बांधलेलं. त्यावर गावं क्रमाने, शिंदेवाडी, खेड शिवापूर, कापूरहोळ, सारोळा, शिरवळ, खंडाळा, खंबाटकी, सुरूर, वाई, आणि चढ कुठे सुरू होतो तिथे लाल बाण. कोपऱ्यात पत्रिकेवरचा गणपती तसाच कापून चिकटवलेला. दर गावानंतर टिकमार्क करायला मजा येत होती, फोन काढायची गरजच पडली नाही.

सारोळ्याला नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो, तिथे सगळ्यांनी थांबून चहा आणि वडापाव खाल्ला. हायवेवर आम्ही एकामागे एक अशीच रांग ठेवली, शेजारी शेजारी कोणीच नाही, पुढे एक अनुभवी आणि सगळ्यात मागे एक अनुभवी, मधे नवीन. कोणी नवीन ग्रुप नेणार असेल तर कृपया एवढं तरी पाळा, ट्रक फार जवळून जातात.

खंबाटकीच्या जुन्या घाटात आमच्यातल्या एका दादांचा मागच्या चाकाचा आरा तुटला, फ्रीव्हीलच्या विरुद्ध बाजूचा, नशीब, कारण फ्रीव्हीलच्या बाजूचा तुटला असता तर फ्रीव्हील काढल्याशिवाय आरा घालता आला नसता आणि ते हत्यार कोणाकडेच नव्हतं. त्यांचं चाक माझ्याच मापाचं, आरेसुद्धा छत्तीस. माझ्या दांडीचा एक आरा सोडवला, आत ओवला, जुन्याच निपलमध्ये (रिमकडच्या छोट्या नटात) बसवला आणि काकांना बघितलं होतं तसं अर्धा अर्धा फेरा आवळत आऊट काढला. मी काढला! वीस मिनिटं लागली, ब्रेकला किंचित घासत होतं पण ते महाबळेश्वरपर्यंत आले त्याच चाकावर.

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन, कृष्णेच्या घाटावर पाय पाण्यात सोडून अर्धा तास, जेवण हलकंच. मग पसरणी. वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण सहाशे मीटर उंची चढायची आणि दहा-बारा किलोमीटर सलग चढ, सपाट असं नाहीच. दुपारचं ऊन. इथे ते चौतीस दातांचं चक्र कामाला आलं. पुढे सगळ्यात लहान, मागे सगळ्यात मोठं, आणि मी खाली न उतरता बसून चढत राहिले, खाली धोम धरणाचं पाणी दिसत होतं, दर दोन किलोमीटरला थांबून घोट घोट पाणी. चेनने एकदाही दात सोडला नाही. चौदातले नऊ जण न ढकलता वर आलो, त्यात मी होते. वर पोचल्यावर रडू आलं मला खरंच, माझी आई मला नेहमी म्हणायची तुला सायकल शिकवली तेव्हा तू उतारावरही पाय टेकायचीस, आणि ती आता हे ऐकायला नाहीये.

पाचगणीहून महाबळेश्वर अठरा-एकोणीस किलोमीटर, चढउतार आहेत पण सावली आणि गार हवा. संध्याकाळी साडेपाचला पोचलो.

आता काकांच्या दुकानाच्या ज्या गोष्टी आधी माहीत असाव्यात त्या पण सांगते. सायकल किमान तीन दिवस ठेवावी लागते, माझी चार दिवस होती, आणि आज देतो म्हणाले तो दिवस टळला होता, त्यामुळे राईडच्या आदल्या दिवशी अजिबात नेऊ नका, दहा दिवस आधी न्या आणि नंतर एकदा तीस-चाळीस किलोमीटर चालवून परत दाखवा, नव्या वायरी थोड्या ताणतात आणि गिअर परत सेट करावे लागतात, ते काम काका फुकट करतात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि कार्बन फ्रेमचं काम घेत नाहीत, स्पष्ट सांगतात की मला ते येत नाही, दुसरीकडे न्या. भारी पार्ट दुकानात नसतात, बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूच्या दुकानांतून मागवतात, त्यात एक दिवस जातो, घाई असेल तर आपण स्वतः तिथे जाऊन आणून दिलेलं त्यांना चालतं. पावती मिळत नाही. लहान मुलांच्या सायकलची हवा भरायचे पैसे घेत नाहीत.

परत आल्यावर मी ते लग्नपत्रिकेचं कार्ड त्यांना दाखवायला नेलं, सगळ्या टिकमार्कसकट. खंबाटकीच्या बाणाजवळ मी पेनने "आरा" असं लिहिलं होतं, ते वाचून त्यांनी विचारलं कुठल्या बाजूचा, मी सांगितलं, तर म्हणाले "त्यांना घेऊन या इकडं, त्यांचे बाकीचे आरे पण सैल असणार." त्या दादांनी पुढच्याच आठवड्यात सायकल नेली आणि खरंच अकरा आरे सैल निघाले. कार्ड काकांनी ठेवून घेतलं, पंपाच्या वरच्या खिळ्याला अडकवलंय.

वेळ सकाळी नऊ ते एक, दुपारी चार ते आठ. सोमवारी बंद. गुगल पे चालतं, मुलाच्या नंबरवर.