जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स: कोकणातून दुरुस्तीला कुठे न्यावा

मुंबईत दहा-बारा वर्षं फिरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या हल्ली कोकणात बऱ्याच येतात. मीटरवर पन्नास हजार किलोमीटर, आतून स्वच्छ, किंमत आवाक्यातली. गावी आल्यावर एखाद्या दिवशी आंबा घाटात नाहीतर कुंभार्लीत गाडी खरं वय सांगते. इंजिनचा आरपीएम (मिनिटाचे फेरे) चढतो, गाडी चढत नाही. मीटर किलोमीटर मोजतं, तास मोजत नाही. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ताशी दहाच्या सरासरीने रखडत झालेले ५०,००० किलोमीटर म्हणजे गिअरबॉक्सचे ५,००० तास. तेच अंतर हायवेवर साठच्या सरासरीने कापलं तर साडेआठशे तासही होत नाहीत.

मग गॅरेजमधून आकडा येतो आणि तो गाडीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जातो. अशा वेळी आपल्यापुढे चार दारं असतात: तालुक्याच्या गावातला नेहमीचा मेकॅनिक, कंपनीचं सर्व्हिस सेंटर, घाटावरचा किंवा मुंबई-गोव्याकडचा गिअरबॉक्स स्पेशालिस्ट, आणि दुसऱ्या गाडीतून काढलेला जुना गिअरबॉक्स बसवून देणारा. या चारही सेवा कुठे उपयोगी आणि कुठे खड्ड्यात घालणाऱ्या, ते इथे मांडलं आहे.

आधी आपल्या गाडीत कोणता ऑटोमॅटिक आहे ते पक्कं करा, कारण चौघांचंही उत्तर त्यावर बदलतं. २०१४ च्या सेलेरिओपासून आलेला एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअर टाकायचं काम मोटर आणि हायड्रॉलिक प्रेशर करतं. २०१४ नंतरच्या होंडा सिटीत सीव्हीटी: दोन पुल्या आणि मधे पोलादी पट्टा. त्याआधीच्या, म्हणजे २००८ ते २०१३ च्या सिटीत आणि जुन्या आय-१० मध्ये टॉर्क कन्व्हर्टर: इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग. जुन्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा, कोरड्या दोन क्लचचा डीएसजी. सगळ्यांना सरसकट 'ऑटो' म्हणणारा मेकॅनिक भेटला तर नमस्कार करून निघा.

तरीही सुरुवात गावातल्या मेकॅनिककडूनच करावी. गिअरबॉक्स उघडायला नव्हे, दोष खरंच त्याचा आहे का हे ठरवायला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. त्याहून कमी असेल तर एएमटी आणि डीएसजीचे कॉम्प्युटर नसलेल्या दोषांच्या तक्रारी नोंदवतात. गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत बॅटरीकडून गिअरबॉक्सच्या बॉडीवर येणारी अर्थिंगची वायर आवरणाच्या आत हिरवी पडते. वरून ती ठणठणीत दिसते, म्हणून व्होल्टमीटर लावूनच तपासावी. कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारणं हे अर्ध्या तासाचं काम.

डी किंवा आर टाकताना धप्प असा झटका बसत असेल तर बॉनेट उघडं ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, गाडीसमोर कोणी उभं नसताना डी-आर करून बघा. इंजिन जागेवरून उडत असेल तर माउंटिंगचं रबर गेलंय, गिअरबॉक्स निर्दोष आहे. तसंच चढावर हलक्या ॲक्सिलरेटरवर येणारी थरथर. ती टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचची असू शकते, पण स्पार्क प्लग किंवा कॉइलच्या मिसफायरचीही तितकीच असते. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर दोन्ही सांगतो: पी ०७४१ आला तर लॉक-अप, पी ०३०० च्या घरातला आला तर मिसफायर. नुसता पी ०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार पडून आहे. ती वाचू शकणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जायचं. एवढ्यावरून 'गिअरबॉक्स गेला' असा निकाल देणाऱ्याचं ऐकू नका.

यानंतर ऑइल. आमच्या मते सगळ्या कामातली ही सर्वात मोलाची पायरी आहे आणि बहुतेक गॅरेजात ती घाईत उरकली जाते. गाडी सपाट रॅम्पवर, ऑइल कोमट. आधी भरायचा प्लग सैल करून बघायचा, मगच खालचा काढायचा. खारं खाऊन वरचा प्लग जाम झाला असेल आणि खालून ऑइल सोडून दिलं असेल तर गाडी तिथेच अडकते. निघालेलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायला लावा आणि मालकाने स्वतः वाकून बघावं. लाल रंगाचं एटीएफ (ऑटोमॅटिकचं ऑइल) ठीक असेल तर कोकम सरबतासारखं लाल आणि आरपार दिसतं. तपकिरी पण वास नाही, म्हणजे वय झालंय, बदला. काळपट आणि जळका वास, म्हणजे क्लचच्या प्लेटा जळाल्या. नवं ऑइल घालून त्या परत येत नाहीत. आणि ऑइल सोलकढीसारखं गुलाबी, दाट दिसलं तर त्यात कूलंट मिसळलंय. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा ऑइल कूलर रेडिएटरच्या पोटात असतो. तो आतून फुटला की पाणी गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि प्लेटांवरचं चिकटवलेलं अस्तर सोडवून टाकतं. सोलकढी दिसल्यावर गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइलचा पॅन उतरवला तर त्यातला मॅग्नेट बघा. त्यावर बोटाला लागणारी राखेसारखी करडी पेस्ट असणं हे नेहमीचं. नखात पकडता येतील असे पोलादाचे तुकडे किंवा चकत्या असणं वाईट, पिवळसर कण म्हणजे बुश घासलेत. ज्या गॅरेजने हा मॅग्नेट तुम्हाला दाखवला, त्याला निम्मे गुण तिथेच द्यावेत. पॅनचे बोल्ट आवळताना जोर लावू नये. बहुतेक पॅनना १० न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क पुरतो, जास्त आवळला की पत्रा वाकतो आणि नवं गॅस्केटही गळतं.

'ऑइल बदललं' या शब्दांत एक मेख आहे. गिअरबॉक्समध्ये समजा आठ लिटर बसतं आणि प्लगमधून चार निघतं. बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. एकदा बदलल्यावर आत निम्मंच नवं. मधे थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा बदललं की पाऊण, तिसऱ्यांदा साडेसत्याऐंशी टक्के. म्हणजे बारा लिटर ऑइल लागलं. बिलावर चार लिटर असेल तर काम एकदाच झालंय. जितकं निघालं तितकंच मोजून भरायचं, आणि लेव्हल त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच बघायची. ग्रेड चुकला तर सगळं व्यर्थ. २०१४ नंतरच्या सिटीच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, आधीच्या पाच गिअरच्या सिटीला डीडब्ल्यू-१, ह्युंदाईच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-३. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असा डबा दाखवला तर घेऊ नये. सीव्हीटीत साधं एटीएफ पडलं तर पट्टा पुलीवर घसरून पुलीवर ओरखडे पडतात, आणि ओरखडलेली पुली बदलण्यावाचून इलाज नाही.

गावातल्या मेकॅनिकची मर्यादा इथे संपते. एएमटीचा क्लच मात्र तो घालू शकतो, फक्त नंतर स्कॅनरने क्लच आणि गिअरची जागा कॉम्प्युटरला शिकवावी लागते. ते न करता गाडी हातात दिली तर पहिल्याच सिग्नलला ती न्यूट्रलमध्ये बसते. मारुतीच्या एएमटीत ड्रायव्हरचं दार उघडताच हायड्रॉलिक पंपाचा गुरगुर आवाज येतो. तो थोडा वेळ येऊन थांबला तर छान. उभ्या गाडीत पंप परत परत सुरू होत असेल तर प्रेशर कुठेतरी उतरतंय, क्लच बदलून उपयोग नाही.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर निदानासाठी चांगलं, जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी महागडं. त्यांच्याकडे योग्य स्कॅनर आणि योग्य ऑइल असतं, पण आतला एखादा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा सील बदलण्यापेक्षा अख्खी असेंब्ली बदलण्याकडे त्यांचा कल असतो. पोलोच्या डीएसजीत मेकॅट्रॉनिकमधला (कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिक्सचा एकत्र भाग) प्रेशर साठवणारा भाग चिरून प्रेशर जाणं हा ओळखीचा दोष आहे. पी १७बीएफ हा कोड त्याच वाटेवर नेतो. कंपनी पूर्ण मेकॅट्रॉनिक सांगेल, चांगला स्पेशालिस्ट तोच भाग दुरुस्त करतो. आमचा सल्ला: निदानाचे पैसे कंपनीत भरा, कोड आणि एस्टिमेट लेखी घ्या आणि गाडी परत आणा. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे जुन्या इकोस्पोर्टच्या पॉवरशिफ्टवाल्यांनी (हाही दोन क्लचचा गिअरबॉक्स) गाडी उघडण्याआधीच पार्ट हातात येईल याची खात्री करावी.

स्पेशालिस्टची पारख करायला गोड बोलणं नको, चार प्रश्न पुरेत. टॉर्क कन्व्हर्टरचं काय करणार? 'धुऊन बसवू' हे उत्तर चुकीचं. जळालेल्या प्लेटांचा चुरा कन्व्हर्टरच्या पोटात साठतो आणि बाहेरून धुऊन निघत नाही. तो कापून, आतलं अस्तर नवं करून वेल्ड करावा लागतो किंवा बदलावा लागतो. ऑइल कूलर आणि पाइप? फ्लश केले नाहीत तर तोच चुरा नव्या गिअरबॉक्समध्ये परत येतो. प्लेटा घालण्याआधी एटीएफमध्ये भिजवता का? निदान अर्धा तास हव्यात, कोरड्या घातल्या तर पहिल्याच चढाला जळतात. आणि बसवल्यावर ॲडॅप्टेशन रीसेट करता का? जुन्या झिजलेल्या प्लेटांच्या हिशोबाने कॉम्प्युटरने प्रेशर शिकलेलं असतं, ते पुसलं नाही तर नवा गिअरबॉक्सही झटके मारतो. आणखी एक बारकावा: कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात टप्प्याटप्प्याने खोल बसतो, फिरवत फिरवत. पूर्ण न बसवता बोल्टने ओढून घेतला तर इंजिन सुरू होताच पंप फुटतो.

जुना काढलेला गिअरबॉक्स स्वस्त पडतो, म्हणून मोह होतो. डीलर 'चालू माल' म्हणतो, पण तो कुठल्या गाडीतून निघाला ते सांगत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये गाड्या पाण्याखाली गेल्या, तशा मुंबईतही दर मोठ्या पावसात जातात. गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या तोंडातून) पाणी आत शिरतं. तेव्हा ब्रीदरभोवती आणि कनेक्टरच्या पिनांवर माती किंवा गंज दिसला तर तो गिअरबॉक्स घेऊ नका. गिअरबॉक्सच्या नावपट्टीवरचा कोड आपल्या गिअरबॉक्सशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. बसवण्याआधी कन्व्हर्टरचं सील, दोन्ही ॲक्सलची सील आणि ऑइल नवं घालाच. गिअरबॉक्स खाली असताना ही सील हाताशी असतात, नंतर त्यांच्यासाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं. डीएसजी आणि सीव्हीटी या मार्गाने घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरला मात्र हा मार्ग चालतो.

पैशाचा हिशोब करताना दुरुस्तीची तुलना गाडीच्या पूर्ण किमतीशी करू नका. चालू गाडीला समजा तीन लाख मिळतात आणि बंद गिअरबॉक्सच्या त्याच गाडीला दीड लाख, तर दीड लाखाच्या आतली दुरुस्ती परवडण्याजोगी. पण त्या खर्चात गाडी नेण्या-आणण्याचं भाडं आणि मजुरीवरचा जीएसटी धरा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण करही धरा. तळाचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्ला असेल तर गिअरबॉक्सवर पैसा घालूच नये.

नेण्यासाठी फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) घ्या. ऑटोमॅटिकला टोचन करून, चाकं जमिनीवर फिरवत नेलं तर इंजिन बंद असल्याने ऑइल पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. पंधरा-वीस किलोमीटरमध्ये चांगला गिअरबॉक्सही जातो. म्हणूनच स्पेशालिस्ट निवडताना आपला घाट बघा. खेड-चिपळूणकरांना कराडची बाजू, रत्नागिरी-राजापूरला कोल्हापूर, कुडाळ-सावंतवाडीला गोवा किंवा बेळगाव, पेण-अलिबागला पनवेल. सहा महिन्यांची वॉरंटी पुण्यातल्या गॅरेजची असेल आणि गाडी वेंगुर्ल्याला बंद पडली, तर ती वॉरंटी फ्लॅटबेडच्या भाड्यातच संपते. बिलावर लिहून घ्या: कोणते पार्ट बदलले, ऑइलचा ग्रेड आणि लिटर, वॉरंटीत गाडी आणण्याचं भाडं कोण देणार. जुने पार्ट पिशवीत भरून मागा. गणपतीच्या आधीच्या महिन्यात काम काढू नका, सगळी गॅरेजं भरलेली असतात आणि घाईत काढलेला गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो.

गाडी ताब्यात घ्यायची ती सकाळी, दिवसाच्या उजेडात. कोल्हापूरहून येताना आंबा घाट डी मध्ये उतरू नका; दोन, एल किंवा मॅन्युअल मोडमध्ये उतरा, न्यूट्रल तर अजिबात नको. साखरप्याला थांबा, गाडी सपाट जागेवर लावा. आधी फूटब्रेक, मग न्यूट्रल, हँडब्रेक आणि शेवटी पी. खाली पुठ्ठा सरकवून वीस मिनिटं थांबा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली थेंब दिसला तर कन्व्हर्टरचं सील, पॅनच्या कडेला दिसला तर गॅस्केट, चाकाकडच्या बाजूला दिसला तर ॲक्सलचं सील. पुठ्ठा कोरडा असेल तर गाडी वळवून तोच घाट एकदा चढून बघा. आरपीएम आणि वेग बरोबरीने चढले तर घरी या. थेंब पडला किंवा झटका बसला तर गॅरेजवाल्याला तिथूनच फोन करा. थेंब असेल तर गाडी पुढे रेटू नका. नुसता झटका असेल तर त्याच दिवशी कोल्हापूरला परत न्या, रत्नागिरीपर्यंत आणू नका.