थंडरबर्डमधून कूटबद्ध ईमेल : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

करविवरणपत्रे भरून देण्याचे माझे काम असल्यामुळे अशिलांचे पॅन, खातेउतारे आणि आधारच्या प्रती माझ्याकडे रोज ईमेलने येतात. फाइलला पासवर्ड आहे एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. परंतु ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा ठरलेलाच असतो, त्यामुळे ओळखीतल्या कोणालाही ती फाइल सहज उघडता येते. ही गोष्ट मनाला फार खटकत होती, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी थंडरबर्ड या संगणकावरील ईमेल प्रोग्रॅममधील ओपनपीजीपी, म्हणजे ज्याच्यासाठी पत्र आहे त्यालाच वाचता येईल असे ते कूटबद्ध करण्याची पद्धत, वापरायला घेतले.

२०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ही सोय थंडरबर्डमध्येच आहे. त्यापूर्वी एनिग्मेल ही पुरवणी वेगळी बसवावी लागत असे. किल्ल्यांची जोडी काही मिनिटांत तयार होते. त्यातील सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची, तिने तो आपल्यासाठीचे पत्र कुलूपबंद करतो; आणि ते उघडणारी खासगी किल्ली स्वतःजवळ ठेवायची. मजकुराबरोबर जोडलेल्या फाइली आणि त्यांची नावेही कुलूपबंद होतात. विषयाच्या जागी बाहेर केवळ तीन टिंबे दिसतात. मात्र कोणी कोणाला आणि केव्हा पत्र पाठवले, हे उघडेच राहते.

खरी मेहनत किल्ली पडताळण्यात आहे, आणि ती टाळू नये असे माझे ठाम मत आहे. ईमेलने आलेली किल्ली त्याच माणसाची आहे, हे ईमेलवरूनच कसे ठरवणार? म्हणून मी प्रत्येक अशिलाला फोन करून किल्लीच्या ठशाची, म्हणजे प्रत्येक किल्लीच्या स्वतंत्र ओळखखुणेची (फिंगरप्रिंट), चाळीस चिन्हे चार-चारच्या गटांनी वाचायला सांगतो आणि माझ्या पडद्यावरच्या चिन्हांशी ताडून पाहतो. सत्तरीच्या एका आजोबांनी चष्मा लावून सगळे दहा गट न चुकता वाचले, तेव्हा हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे याची मला खात्री पटली.

तिसऱ्या महिन्यात माझ्या संगणकाची डिस्क बंद पडली. पत्रे सर्व्हरवर सुखरूप होती, परंतु खासगी किल्लीची प्रत मी काढून ठेवली नव्हती, त्यामुळे त्यांपैकी एकही कूटबद्ध पत्र पुन्हा उघडले नाही. येथे ‘पासवर्ड विसरलात का’ असे बटण नसते. सर्व अशिलांकडून कागद पुन्हा मागवावे लागले, आणि त्यांना झालेल्या त्रासाचे मला आजही वाईट वाटते. आता किल्लीची प्रत पेन ड्राइव्हवर कपाटात असते व तिचा परवलीचा शब्द कागदावर लिहून दुसरीकडे ठेवलेला असतो. थंडरबर्डचा प्रायमरी पासवर्डही, म्हणजे त्यात साठवलेल्या किल्ल्यांना संरक्षण देणारा मुख्य पासवर्ड, पहिल्याच दिवशी लावावा, कारण तो नसेल तर उघड्या संगणकासमोर बसलेला कोणीही सारी पत्रे वाचू शकतो.

कूटबद्ध पत्रांच्या मजकुरात नेहमीसारखा शोध घेता येत नाही, ही अडचण मार्च अखेरीस फार जाणवते. मोबाइलच्या साध्या अॅपमध्ये पत्र उघडणाऱ्याला मजकुराऐवजी ‘एन्क्रिप्टेड डॉट एएससी’ नावाची एक फाइल तेवढी दिसते. अँड्रॉइडवर के-नाइन मेल या ईमेल अॅपला ओपनकीचेन या किल्ल्या सांभाळणाऱ्या अॅपची जोड दिली की पत्र वाचता येते.

ज्यांना एवढे करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मी सेव्हन-झिप या फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रॅमने पासवर्ड लावून फाइल बंद करतो, आतील फाइलींची नावेही झाकण्याचा पर्याय निवडतो आणि पासवर्ड ईमेलने न पाठवता फोनवरच सांगतो.