गोकुळपेठ बाजारातले पानांसकट ताजे बीट

नागपूरच्या गोकुळपेठ बाजारात हिवाळ्यात मिळालेली बिटाची जुडी मी घरी प्रथमच शिजवली आणि ती अतिशय समाधानकारक निघाली. कंद मध्यम आकाराचे व टणक होते. तरीही ताजेपणाची खरी खात्री पानांवरूनच पटते, कारण कंद बरेच दिवस टिकतो, पाने मात्र लवकर माना टाकतात.

शिजवण्यापूर्वी साल काढू नये, देठाचा बोटभर भाग आणि खालची शेपटीही तशीच ठेवावी, कारण बिटाला लाल रंग देणारे बेटानिन पाण्यात सहज विरघळते आणि चिरलेल्या बिटाचा रंग कुकरच्या पाण्यात उतरतो. मध्यम कंदांना चार शिट्ट्या पुरल्या. गार झाल्यावर अंगठ्याने दाबताच साल अलगद सुटली आणि कापल्यावर आतली गडद-फिकट वलये स्पष्ट दिसली. बिटाचा मातकट वास जिओस्मिन या द्रव्यामुळे येतो. तो ज्यांना आवडत नाही त्यांनी लिंबू अवश्य पिळावे, त्याने रंगही खुलतो. दही, दाण्याचे कूट, जिरे-हिंगाची फोडणी आणि वरून भरपूर सांबार (म्हणजे कोथिंबीर) घातलेली कोशिंबीर घरात सर्वांनी पुन्हा मागून घेतली.

पानांची लसूण घालून, बेसन पेरून केलेली भाजी मला कंदापेक्षाही सरस वाटली. पानांत ऑक्झलेट बरेच असल्याने मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र ती जपून खावी. काही विक्रेते न विचारताच पाने मोडून टाकतात, म्हणून वजन करण्यापूर्वीच तसे सांगावे.