पुतणीच्या कपाटातल्या लव्हस्टोऱ्या: एका काकूचा खराखुरा रिव्ह्यू

मे महिन्यात इंदूरला दुपारी बाहेर पडायची सोय नसते आणि आमच्या रामबागेतल्या घरात कूलरसमोरची जागा सासूबाईंची, म्हणून मी पुतणीच्या खोलीत जाऊन पडायला लागले आणि तिच्या कपाटातली इंग्लिश पुस्तकं एकेक करत वाचून काढली. ती अकरावीत आहे. निम्म्या पुस्तकांवर बुकटॉकचा (म्हणजे टिकटॉकवर पुस्तकांबद्दल बोलणाऱ्यांचा) तो गोल शिक्का, टिकटॉक आपल्याकडे 2020 लाच बंद झालं तरी शिक्का काही जात नाही. पुढे गोष्टी फुटतील, आधीच सांगून ठेवते.

सुरुवात 'ट्वायलाइट'पासून. 2005 चं पुस्तक, तेव्हा मैत्रिणींनी डोक्यावर घेतलेलं आणि मी व्हॅम्पायर वगैरे नको म्हणून सोडलेलं. बरंच केलं म्हणायचं. तो व्हॅम्पायर एडवर्ड रात्री नायिकेच्या, बेलाच्या, खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, तिला पत्ताच नाही, आणि हे म्हणे प्रेम. बाप पोलीस चीफ, त्याच घरात झोपलेला! आमच्याकडे रात्री अकराला फ्रीज उघडला तरी आतून आवाज येतो, कोण आहे गं.

तिथूनच डोक्यात किडा शिरला की या पुस्तकांत घरचे लोक जातात कुठे? कुणाची आई वारलेली, कुणाचा बाप कामात, पोरीला मोकळं रान. लेखकाची सोय होते ते कळतं मला, भरलं घर ठेवलं तर पहिल्या किसच्या आधीच आत्या पोहे घेऊन येणार. पण मग ती पोरगी हवेत लटकल्यासारखी वाटते. 'द हंगर गेम्स'मध्ये पण बाप खाणीत वारलेला आणि आई खचलेली, पण तिथे सगळी गोष्टच त्यातून निघते, घरात खायला हवं म्हणून कॅटनिस शिकार करते आणि त्या जीवघेण्या खेळासाठी धाकट्या बहिणीचं नाव निघालं की स्वतः पुढे होते. तिने पीटा निवडावा की गेल, या दोन पोरांच्या भानगडीत मला काडीचा इंटरेस्ट नव्हता. पुतणी दोन दिवस बोलली नाही, ती पीटावाली.

'द लव्ह हायपोथेसिस' एका दुपारी संपलं. स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणारी मुलगी मैत्रिणीला दाखवायला म्हणून समोर दिसेल त्या पुरुषाला किस करते आणि तो निघतो प्रोफेसर, मग खोटं खोटं डेटिंग. मजा येते, खोटं नाही बोलणार. पण तो किती उंच, किती रुंद हे इतक्यांदा येतं की माणसाचं नाही, कपाटाचं माप घेतोय असं वाटायला लागतं. मूळ म्हणे स्टार वॉर्सचं फॅनफिक्शन होतं, म्हणजे त्यातली पात्रं घेऊन चाहतीने लिहिलेली गोष्ट. आणि हो, पुढे स्पाइस, म्हणजे बेडरूममधले सीन, आहेत, अकरावीच्या कपाटात काय करतंय हे मी विचारलं नाही, कारण माझी आजी ट्रंकेत तळाशी चंद्रकांत काकोडकरांच्या शृंगारिक कादंबऱ्या ठेवायची आणि त्या मी आठवीत वाचल्यात. त्याच काकोडकरांवर 'श्यामा'साठी अश्लीलतेचा खटला झाला आणि 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. आता कुठल्या तोंडाने बोलू.

'इट एंड्स विथ अस'. या पुस्तकावर चिडायचं ठरवूनच बसले होते. नायिकेचं नाव लिली ब्लॉसम ब्लूम आणि दुकान फुलांचं, म्हणजे आपल्याकडे गुलाब मोगरे नावाच्या बाईने हारांचा ठेला टाकावा. डायरी लिहिते ती टीव्हीवरच्या टॉक शोवाल्या एलनला उद्देशून. तिचा पुढे नवरा होणारा रायल पहिल्याच भेटीत गच्चीवर खुर्चीला लाथा घालतो आणि हिला तो हँडसम दिसतो, मी तिथेच पुस्तक मिटणार होते. त्यात आमची कॉपी राजवाड्याकडच्या एका दुकानातून स्वस्तात आणलेली, सोळा पानं दोनदा आणि पुढची सोळा गायब, ती पुतणीने तोंडी सांगितली. पण यात आई आहे. नवऱ्याचा मार खात राहिलेली आई, आणि ती का राहिली असेल हे लिलीला स्वतःवर आल्यावर कळतं, म्हणजे राग कुणावर धरायचा तेच समजत नाही. शेवटी लेक झाल्यावर ती नवऱ्याला विचारते की हिला कुणी असं मारलं तर तू हिला काय सांगशील. रडले मी. फक्त कव्हर बघून लव्हस्टोरी म्हणून लहान मुलीच्या हातात देऊ नका एवढंच.

'टू ऑल द बॉईज' गोड आहे, आगाऊ धाकटी बहीण सगळ्यात भारी, पण दोन महिन्यांनी आठवणार नाही.

आणि 'द फॉल्ट इन अवर स्टार्स', माझा नंबर एक. कॅन्सर झालेल्या हेझल आणि ऑगस्टसची लव्हस्टोरी. 'दिल बेचारा' सिनेमा यावरचाच, गोष्ट जमशेदपूरला आणलेली. ऑगस्टसचं ते न पेटवता सिगरेट तोंडात धरून मेटाफर वगैरे, अरे यार, सतरा वर्षांचा पोरगा असा बोलतो का, वादविवाद स्पर्धेतच असा बोलेल. मला धरून ठेवलं हेझलच्या आईबापांनी. बाप सारखा रडतो. आणि आई गुपचूप सोशल वर्कचं शिकत असते, मुलगी गेल्यावर आपलं काहीतरी असावं म्हणून, आणि हे मुलीला सांगायला घाबरते, तिला वाटेल हिने आत्ताच पुढची तयारी केली. हेझलला उलट इतका आनंद होतो. तो अर्धा पानाचा प्रसंग मी तीनदा वाचला.

सासूबाईंना इंग्लिश येत नाही, लसूण सोलताना त्यांना अख्खी गोष्ट सांगितली. ऑगस्टस गेला तिथे "अरेरे" म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प, आणि संध्याकाळी चहा देताना विचारतात, "मग ती आई पास झाली का गं?"

म्हटलं, आई, तेवढं पुस्तकात नाहीये.