मोठ्या हातासाठी घेतलेला गिटारचा जाड-रुंद नेक, आठ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात माझ्या गिटारच्या नेकचा, म्हणजे बोटं दाबायच्या दांडीचा, नट तुटला म्हणून हे लिहायला बसलोय. नट म्हणजे नेकच्या डोक्याकडची पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. खरं तर मार्चमध्येच लिहिणार होतो, पण तेव्हा लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं, आणि कुणीतरी ते वाचून माझ्यासारखेच पैसे घातले असते.

आधी हाताचं सांगतो, म्हणजे हे तुम्हाला लागू पडतंय का ते कळेल. माझी वीत ताणून २५ सेंमी भरते आणि मधल्या बोटाचं टोक १८ मिमी रुंद आहे. बोटांच्या लांबीचा कधीच त्रास नाही, त्रास जाड बोटांचा. ओपन ए कॉर्ड, म्हणजे दुसऱ्या फ्रेटमध्ये (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या दुसऱ्या घरात) शेजारी शेजारी तीन बोटं, तो मला अकरा वर्षांत स्वच्छ वाजवता आला नव्हता. एकतर बी ची तार मेलेली वाजायची नाहीतर बारीक ई दबायची (दोन्ही कडांच्या तारांना ई म्हणतात, एक जाड, एक बारीक). एका बोटानं बार कर, म्हणजे तिन्ही तारा एकाच बोटानं आडव्या दाब, म्हणून सगळे सांगतात, तेही केलं, पण माझ्या बोटानं बार केला की खालची ई मरतेच.

दुसरा त्रास अंगठ्याचा. माझी पहिली इलेक्ट्रिक पातळ नेकवाली होती, पहिल्या फ्रेटपाशी १९ मिमी, मेटलवाल्यांना आवडतो तसला. दुकानात हातात घेतल्यावर वाटलं वा, किती हलका आणि फास्ट. घरी अर्धा तास वाजवलं की अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. दोन वर्षं मला वाटत होतं की रियाज कमी पडतोय.

मग स्ट्रॅट टाइपची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) घेतली, नट ४२ मिमी, जाडी मोजली तर २१. थोडं बरं, पण ए कॉर्ड तसाच. तेव्हा डोक्यात बसलं की आपल्याला रुंद नट पाहिजे, ४४.५ मिमी, म्हणजे पावणेदोन इंच, आणि तो आकडा डोक्यातून जाईचना. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे 'सी नेक' लिहिलेला दिसला. मी कुठंतरी वाचलेलं की फेंडर साठच्या दशकात नेकच्या बुडावर नटच्या रुंदीचं अक्षर छापायचं, ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे १ ५/८, सी म्हणजे पावणेदोन, डी म्हणजे १ ७/८. म्हटलं सी म्हणजे पावणेदोन, मागवला. आला तो ४२ चाच. कारण आता सी म्हणजे नेकच्या पाठीचा आकार, रुंदीशी काही संबंधच नाही. परत करायला गेलो तर उत्तर एकच, वर्णनाप्रमाणे माल दिलाय. मी अकरा मेल केले. त्यांच्या पानावर नटची रुंदी कुठंच लिहिलेली नव्हती, आणि हजारो रुपयांची वस्तू विकताना एक आकडा लिहायला काय जातं हा माझा प्रश्न अजून तसाच आहे. शेवटी निम्म्या किमतीत तो नेक एका कॉलेजच्या पोराला दिला. म्हणून सांगतो, अक्षरं विचारू नका, कुणालाही विचारायचं ते फक्त मिलिमीटरमध्ये.

त्यानंतर मग जानेवारीत हा बाहेरून मागवला. मेपल, वर रोजवूड, नट ४४.५ मिमी आणि जाडी पहिल्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत सरळ एक इंच, म्हणजे २५.४ मिमी. बूड ५६ मिमीचं असल्यामुळे माझ्या स्ट्रॅट टाइप बॉडीच्या खाचेत गच्च बसला, फक्त स्क्रूची चार भोकं पाडावी लागली. कस्टम ड्यूटी धरून ३१ हजार गेले. एवढ्यात चांगली सेकंडहँड गिटार अख्खी आली असती, हे घरात अजून ऐकतो.

पहिले दोन-तीन महिने मी अगदी खूष होतो. तीन आठवड्यांत अंगठ्याची कळ गेली, पूर्णच गेली, दोन तास वाजवून उठलो तरी काही नाही. ए कॉर्डपण थोडा सुधारल्यासारखा वाटला. मी सगळ्यांना सांगत सुटलो की ४४.५ घ्या, मोठ्या हाताला दुसरा इलाज नाही.

मग ऑगस्टमध्ये तार बदलताना नट बारीक ईच्या खाचेपाशी चिरला. जिथं नेहमी गिटार जुळवून (सेटअप करून) घेतो तिथं गेलो तर साडेतीन हजार, सहा आठवडे, आणि गिटार अख्खी ठेवून जायची. एवढ्याशा पट्टीला? मी म्हटलं मोजून द्या, मी पट्टी काढून आणतो, तर म्हणे आम्ही तसं करत नाही. तिथं आवाज चढला, मी गिटार उचलून बाहेर आलो.

मी सांगलीत राहतो, आणि ज्या गावाच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ती मिरज माझ्यापासून दहा किलोमीटरवर. पिढ्यान्‌पिढ्या हाड घासून जवारी काढणारी, म्हणजे सतारीच्या घोडीचा माथा घासून सूर खुलवणारी माणसं तिथं बसलीत आणि मी प्लास्टिकच्या पट्टीसाठी सहा आठवडे थांबायचं? दुसऱ्या दिवशी नेक सोडवून, तुटका नट पुडीत बांधून गेलो. तिथल्या एका कारागीर चाचांनी इलेक्ट्रिक गिटारचं काम कधी केलं नव्हतं हे त्यांनी आधीच सांगितलं. तुटका नट हातात घेतला, नेकवर ठेवला, माझ्या हाताकडं बघितलं आणि विचारलं, "पट्टी एवढी रुंद हाय, मग तारा मधीच गर्दी करून का बसवल्यात?"

मी कॅलिपर लावला. पहिल्या ई पासून शेवटच्या ई पर्यंत ३६ मिमी. म्हणजे दोन्ही कडांना सव्वाचार-सव्वाचार मिमी लाकूड नुसतं रिकामं. घरी येऊन स्ट्रॅटचा जुना ४२ चा नेक मोजला, त्यावर ३५. म्हणजे अडीच मिमी रुंद नेक घेऊन तारांना मिळाला होता एक मिमी, आणि तो पाच जागांत वाटला की दोन तारांमध्ये ०.२ मिमी. सात महिने मी या ०.२ चं कौतुक करत होतो. बनवणाऱ्यानं नेक रुंद दिला आणि नटच्या खाचा नेहमीच्याच मापानं पाडल्या, आणि मी एकदाही मोजलं नाही.

चाचांनी उंटाच्या हाडाची पट्टी घेतली, मी सांगितलं कडेला ३ मिमी ठेवून बाकी सगळं तारांना द्या, म्हणजे ३८.५. आणखी एक गोष्ट मी सांगायच्या आधीच त्यांनी केली, खाचा मध्यापासून मध्यापर्यंत सारख्या न पाडता तारांमधली मोकळी जागा सारखी ठेवली, कारण माझी जाड ई ४६ नंबरची (नंबर म्हणजे इंचाचे हजारावे भाग) म्हणजे जवळजवळ १.२ मिमी आणि बारीक १० नंबरची म्हणजे पाव मिमी, मध्य सारखे धरले तर जाड तारांकडं बोटाला जागा कमी पडते. खाचा मुद्दाम उंच ठेवल्या, दोन फेऱ्यांत थोड्या थोड्या उतरवल्या. सहाशे रुपये घेतले, मी जास्त देत होतो ते नाही घेतले.

त्या रात्री ए कॉर्ड वाजला. तीन बोटं, बी स्वच्छ, ई मोकळी. मी तो वीस वेळा वाजवला. दोन तारांमधलं अंतर सरासरी ७.२ चं ७.७ झालं, अर्धा मिमी, तेवढ्यावर अकरा वर्षं अडलेली.

म्हणून माझं मत आता असं आहे. अंगठा बरा झाला तो जाडीमुळे, रुंदीचा त्यात काही हात नाही. पातळ नेकवर मोठा पंजा जवळजवळ मिटतो, अंगठा सांध्यातून वाकून दाबत राहतो, आणि इंचभर जाड नेक अंगठ्याच्या बेचक्यात भरून बसतो त्यामुळे पकड न आवळता दाब येतो. अंगठा वरून टाकून जाड ई धरायची असेल तर, गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वाजवायचा तसं, मोठ्या हाताला इथंही ते जमतं. माझ्या भाचीला मात्र हाच नेक धरताच येत नाही, तिचा हात लहान आहे, तिला जुना ४२ चाच आवडतो. आणि ए कॉर्ड सुधारला तो तारांमधल्या अंतरामुळे. तेव्हा विकत घेताना तीन आकडे मागा, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटची जाडी आणि नटवर ई ते ई अंतर. नटची रुंदी शेवटी.

स्केलवर, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या भागापर्यंतच्या) तारेच्या लांबीवर, मात्र उगाच वाद घालू नका. मोठा हात म्हणजे ६४८ मिमीच घे, गिब्सनचं ६२८ नको, असं बरेच जण सांगतात. हिशोब करून बघा, पहिल्या फ्रेटला फरक १.१ मिमी आणि विसाव्याच्या पुढं अर्धा मिमीसुद्धा नाही, वर तिथं दोन्हीकडं ११ मिमीच्या आसपासच जागा आहे, माझी बोटं दोन्हीवर अडकतात. एक आहे, नटवर अंतर वाढवलं तरी ब्रिजवर माझं ५२.५ मिमीच आहे, त्यामुळे फायदा खालच्या पाच-सात फ्रेटमध्येच जाणवतो, वर जाल तसा कमी होतो.

पावसाळ्यात जुना नेक दरवर्षी हलायचा, ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) दोनदा फिरवावा लागायचा. हा जूनपासून एकदाच पाव फेरा. पाठीचं चकचकीत फिनिश घामानं चिकटायचं, ते भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं हलक्या हातानं मारलं, आता सरकतो. वजन वाढलं, पट्ट्यावर सोडली की डोकं खाली झुकतं, रुंद पट्टा घेतल्यावर कमी झालं.

मला आज कुणी विचारलं तर मी पुन्हा एक इंच जाड नेक घेईन, पण ३१ हजार घालायच्या आधी सहाशेचा नट करून बघेन. म्हणून जुना ४२ चा नेकपण परवा चाचांकडं देऊन आलो, ३५ चं ३६ करायला सांगितलंय, कडेला बरोबर ३ मिमी राहतील. बुधवारी मिळेल, भाचीच्या गिटारला तोच लावायचाय.